वेबसाइटचं बिऱ्हाड हलवताना

सांगलीच्या गणपती पेठेत आमच्या ओळखीच्या एका काकांचा हळद-बेदाण्याचा व्यापार आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी पुतण्यानं त्यांना वेबसाइट करून दिली होती. दुकानाचा फोटो, मालाची माहिती, फोन नंबर, चौकशीचा फॉर्म, असा साधा मामला. मध्यंतरी त्यांचा फोन आला. "अरे, ज्या प्रोग्रॅमात साइट केली तो प्रोग्रॅमच बंद पडला म्हणं. दुसऱ्यात घ्यायला पाहिजे. फाइल हाय की माझ्याकडं पेनड्राइव्हवर. ती दुसऱ्यात उघडायची न् सेव्ह करायची. एवढंच ना?"

एवढंच नाही. पण प्रश्न अगदी रास्त आहे. वर्डमधलं पत्र दुसऱ्या कंपनीच्या प्रोग्रॅमात उघडतं, एक्सेलचा हिशेब गूगलच्या शीटमध्ये जातो, फोटो तर कुठंही उघडतो. मग वेबसाइटचंच घोडं का अडतं?

कारण हे फाइल उघडण्याचं काम नाही, बिऱ्हाड हलवण्याचं काम आहे. भांडी, ट्रंका, गाद्या, देव्हारा सोबत येतात. भिंतीत बांधलेलं फडताळ येत नाही. आणि नव्या घरी गेल्यावर पोस्टमनला, गॅसवाल्याला, पाहुण्यांना पत्ता कळवायचा राहिला, तर सामान पोचूनही तुम्ही हरवलेलेच असता.

बंद पडणाऱ्यांची यादी लांब आहे

प्रोग्रॅम बंद पडला यात काकांच्या पुतण्याचं काही चुकलं नाही. या धंद्यात हे पहिल्यापासून चालू आहे. फ्रंटपेज आठवतंय? व्हर्मीर टेक्नॉलॉजीज नावाच्या कंपनीनं ते १९९५ साली काढलं आणि पुढच्या जानेवारीत मायक्रोसॉफ्टनं ती कंपनीच विकत घेतली. कोड न लिहिता पान तयार व्हायचं, म्हणून गावोगावच्या हौशी लोकांनी त्यावर साइट केल्या. शेवटची आवृत्ती २००३ची. २००६ अखेरीस फ्रंटपेज थांबलं. त्याच्या जागी आलेलं एक्स्प्रेशन वेब २०१२च्या शेवटी फुकट वाटून थांबवलं.

ॲडोबी या कंपनीकडं साइट करायचा गोलाइव्ह नावाचा प्रोग्रॅम होता. २००५मध्ये ॲडोबीनं मॅक्रोमीडिया घेतली, तिच्यासोबत ड्रीमविव्हर हा त्याच कामाचा दुसरा प्रोग्रॅम घरात आला, आणि एका चुलीवर दोन जावा काही नांदल्या नाहीत. २००८मध्ये गोलाइव्ह गेलं. मग ॲडोबीनंच २०१२मध्ये म्यूज आणलं. छापील जाहिराती करणाऱ्या लोकांना कोड न शिकता साइट करता यावी हा त्यामागचा हेतू. २६ मार्च २०१८ला त्यांनी ते थांबवत असल्याचं जाहीर केलं आणि बरोबर दोन वर्षांनी मदतही संपली. फ्लॅशचं बोलायलाच नको. ३१ डिसेंबर २०२०ला त्याचा कारभार आटोपला आणि नाचत्या अक्षरांच्या हजारो साइट कोऱ्या झाल्या.

छोट्या दुकानदारांना सगळ्यांत जवळून बसलेला धक्का मार्च २०२४चा. गूगलवर दुकानाची नोंद केली की एक मोफत एकपानी वेबसाइट मिळायची. ती सोय गूगलनं बंद केली. १० जून २०२४पर्यंत जुन्या पत्त्यावर येणारा माणूस दुकानाच्या गूगल नोंदीकडं वळवला जात होता, नंतर तेही थांबलं. व्हिजिटिंग कार्डावर तो पत्ता छापून बसलेल्यांची कार्डं रद्दीत.

आता याच्या उलट गोष्ट बघा. टिम बर्नर्स-ली यांनी जगातली पहिली वेबसाइट १९९१मध्ये जगासमोर आणली. ते पान आजच्या मोबाइलवर नीट उघडतं. आणि २०१८मध्ये थांबलेल्या प्रोग्रॅमची फाइल आज दुसऱ्या प्रोग्रॅमात उघडत नाही. हा फरक कळला की निम्मा विषय कळला.

टेलरची वही

तुम्ही टेलरकडं शर्ट शिवायला टाकता तेव्हा तीन गोष्टी असतात. एक कापड. दुसरा शिवून झालेला शर्ट. तिसरी टेलरची वही, ज्यात तुमची मापं त्याच्या स्वतःच्या खुणांमध्ये लिहिलेली असतात. छाती, बाही, आणि मग एक भलतीच खूण, जिचा अर्थ फक्त त्याला माहीत.

वेबसाइटचं असंच असतं. कापड म्हणजे तुमचा मजकूर, फोटो, मालाची यादी, फोन नंबर. हे कुठल्याही प्रोग्रॅमचं नसतं, तुमचं असतं.

शर्ट म्हणजे गिऱ्हाइकाच्या मोबाइलवर जे पान पोचतं ते. ते मुख्यतः दोन भाषांत लिहिलेलं असतं. एचटीएमएल सांगते की हे शीर्षक, हा परिच्छेद, हे चित्र, ही लिंक. सीएसएस सांगते की शीर्षक पिवळं, चित्र डावीकडं, मोबाइलवर सगळं एकाखाली एक. या दोन्ही भाषा कुणा एका कंपनीच्या मालकीच्या नाहीत, त्यांचे नियम सगळ्यांसाठी खुले आहेत. म्हणून १९९१चं पान आज उघडतं.

आणि टेलरची वही म्हणजे प्रोग्रॅमची स्वतःची फाइल. काकांच्या पेनड्राइव्हवर होती ती हीच. त्या प्रोग्रॅमनं काम सोपं व्हावं म्हणून स्वतःसाठी केलेल्या खुणा. दुसऱ्या टेलरपुढं ती वही ठेवली तर तो चष्मा वर करून तुमच्याकडंच बघणार. वर्डची फाइल सगळीकडं उघडते, कारण ती जगभर इतकी पसरली की बाकीच्यांना ती वाचायला शिकावंच लागलं. वेबसाइटच्या प्रोग्रॅमांच्या वह्या शिकून घेण्यात कुणाला रस नव्हता.

"मग वही सोड, शिवलेला शर्ट तर हाय की. तोच नव्या टेलरला द्यायचा." काकांनी हेही विचारलं, आणि इथं ते निम्मे बरोबर आहेत. तयार पानं उचलून दुसऱ्या जागी ठेवली तर ती चालतात. अडचण येते उसवायला घेतल्यावर. चित्र ओढून ठेवायच्या प्रोग्रॅमांनी तयार केलेल्या पानात प्रत्येक चौकटीला यंत्रानं काहीतरी आकडेवजा नाव दिलेलं असतं. माणसानं लिहिलेल्या पानात "मालाची यादी" असं नाव सापडेल, यंत्राच्या पानात नुसता क्रमांक. कुठला क्रमांक म्हणजे हळदीचा दर आणि कुठला म्हणजे तळाची रेघ, हे शोधत बसायचं. एक नंबर बदलायला अर्धा दिवस जातो.

म्हणून माझा सरळ हिशेब: कापड घ्या, शर्ट समोर नमुना म्हणून टांगा, वही विसरा. जुनं डिझाइन जसंच्या तसं नव्यात उतरवायचा हट्ट हा या कामातला सर्वांत महागडा हट्ट आहे.

माल कुठल्या पेवात आहे?

सांगलीजवळच्या हरिपूरला हळदीची पेवं कुणी पाहिली नसतील तर सांगतो. जमिनीत खोल खणलेला खड्डा, तोंड अरुंद, आत पोट मोठं. वरून माल ओतायचा, तोंड बंद करायचं. आत हळद चांगली राहते. पण काढताना वेगळी कसरत: पेव उघडायचं, आतली कोंडलेली हवा जाऊ द्यायची, मग माणूस आत उतरणार आणि पोती भरून वर देणार. ओतणं सोपं आणि काढणं कष्टाचं.

वेबसाइटचे प्रोग्रॅमही असेच. भरताना सगळे सोपे असतात. फरक असतो तो तोंड किती रुंद आहे याचा.

पहिला प्रकार तुमच्या कॉम्प्युटरवर बसणारा. फ्रंटपेज, ड्रीमविव्हर या वंशातला. तो तयार पानांच्या फाइली करतो आणि त्या तुम्ही भाड्याच्या जागेवर चढवता. त्या भाड्याच्या जागेला होस्टिंग म्हणतात. इथं पेवाचं तोंड रुंद. प्रोग्रॅम मेला तरी पानं तुमच्या हातात असतात. मात्र सगळं येत नाही. फ्रंटपेजमधले भेट मोजणारे आकडे आणि फॉर्म हे होस्टिंगच्या जागेवर मायक्रोसॉफ्टची खास जोडणी बसवलेली असेल तरच चालायचे. पान हलवलं की आकडा गोठायचा आणि फॉर्म मुका व्हायचा. भिंतीतलं फडताळ म्हटलं ते हे.

दुसरा प्रकार ऑनलाइन भाड्याचा. विक्स, स्क्वेअरस्पेस, शॉपिफाय. जागा, प्रोग्रॅम, डिझाइन सगळं त्यांचं, तुम्ही महिन्याचं किंवा वर्षाचं भाडं भरता. सोय चांगली असते, मी नावं ठेवणार नाही. पण तोंडं वेगवेगळ्या रुंदीची आहेत. विक्सवरची साइट उचलून दुसऱ्या होस्टिंगवर ठेवता येत नाही, ती त्यांच्याकडंच चालते. स्क्वेअरस्पेस बराचसा मजकूर वर्डप्रेसला समजेल अशा फाइलमध्ये बाहेर देतं, पण विक्रीची पानं त्यात येत नाहीत. शॉपिफायमधून मालाची यादी एक्सेलमध्ये उघडेल अशी काढता येते, डिझाइन मात्र तिथंच राहतं. शिवाय काही ठिकाणी आत मिळालेले फोटो आणि फॉन्ट त्यांच्याच जागेवर वापरायची मुभा असते. भाड्याच्या खोलीतला पंखा काढून नेता येत नाही, तसंच.

तिसरा प्रकार वर्डप्रेस. २००३मध्ये आलेला हा प्रोग्रॅम फुकट आणि खुला आहे, आणि आज जगातल्या चाळीस टक्क्यांहून जास्त वेबसाइट त्यावर चालतात. त्यात मजकूर एका कोठारात राहतो, त्याला डेटाबेस म्हणतात, आणि पान उघडायच्या क्षणी तयार होतं. मजकूर बाहेर काढायचं बटण आतच आहे. पण त्यात एक मेख आहे आणि ती माहीत नसल्यानं लोक फसतात. बाहेर निघालेल्या फाइलमध्ये फोटो नसतात, फोटोंचे फक्त पत्ते असतात. नवी साइट ते पत्ते वाचून जुन्या साइटवरून फोटो ओढून आणते. म्हणजे जुनी साइट आधीच बंद केली असेल तर मजकूर येतो आणि फोटोंच्या जागी भोकं येतात.

वर्डप्रेसवाल्यांना दुसरा चटका बसतो तो वरून चढवलेल्या पान-बांधणीच्या जोडप्रोग्रॅमांचा. डब्ल्यूपी बेकरी, जुनं डिव्ही अशांनी बांधलेलं पान असेल आणि तो जोडप्रोग्रॅम काढला, तर मजकुराच्या मध्ये चौकोनी कंसांतली सांकेतिक भाषा उघडी पडते. टेलरच्या खुणा शर्टावरच उमटल्यासारखं. त्या हातानं पुसाव्या लागतात.

मराठीनं घेतलेलं सोंग

आता जो भाग कुठल्याही इंग्रजी मार्गदर्शनात सापडणार नाही, तो. म्हणून इथं जरा थांबू.

जुन्या मराठी साइट बऱ्याचदा शिवाजी, किरण, श्रीलिपी अशा फॉन्टांत केलेल्या असायच्या. त्यांतली बरीच अक्षरं कॉम्प्युटरच्या लेखी मराठी नव्हतीच. ती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं होती. फॉन्ट फक्त त्यांना मराठी रूप द्यायचा. नाट्यपंढरीत राहणाऱ्याला हे समजावायला वेळ लागू नये: मूळ नट इंग्रजी, वर मराठी सोंग. पडद्यावर "हळद" दिसायचं, पण कोठारात भलतीच अक्षरं असायची.

नव्या प्रोग्रॅमात मजकूर नेला की सोंग उतरतं आणि पानभर निरर्थक इंग्रजी अक्षरांचा सडा दिसतो. लोकांना वाटतं मजकूर बिघडला. बिघडलेला नसतो, रंग पुसलेला नट असतो तो.

युनिकोडमध्ये हे सोंग संपलं. तिथं प्रत्येक मराठी अक्षराला स्वतःचा कायमचा क्रमांक आहे, फॉन्ट कुठलाही असो. जुनं नव्यात बदलणारे परिवर्तक मिळतात. पण त्यांच्यावर डोळे मिटून विसंबू नका. जुन्या फॉन्टांत पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप व्हायची, युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर साठवली जाते. रफाराचं उलट: जुन्यात तो नंतर यायचा, नव्यात र आधी येतो. परिवर्तक नेमका इथं धडपडतो. "मिरज"ची वेलांटी भलत्याच अक्षरावर, "मार्केट"चा रफार हवेत. काकांच्या साइटवर अशी सात पानं होती. मी परिवर्तकातून काढली आणि वाचून दुरुस्त करायला काकूंना बसवलं. त्यांनी माझ्यापेक्षा जास्त चुका काढल्या, त्यातल्या काही तर मुळातल्याच होत्या.

युनिकोड असूनही नव्या जागी सगळीकडं प्रश्नचिन्हं दिसू लागली, तर ते दुखणं वेगळं. कोठाराला देवनागरी साठवायला सांगितलेलंच नाही, असा त्याचा बहुतेक वेळा अर्थ. तिथं मजकूर खरोखरच गेलेला असतो. कोठाराची मांडणी बदलायची आणि मूळ प्रतीवरून माल पुन्हा भरायचा. प्रश्नचिन्हांना बरं करणारा प्रोग्रॅम नाही.

या निमित्तानं मजकूर वाचलाही जातो, हा फायदाच. काकांच्या जुन्या पानावर सांगलीच्या हळदीला २०१८मध्ये मिळालेल्या भौगोलिक मानांकनाचा पत्ताच नव्हता. साइट त्याआधीची, नंतर कुणी उघडून बघितलीच नाही.

सातबारा कुणाच्या नावावर?

साइटचं नाव, म्हणजे डॉट कॉम किंवा डॉट इन असलेलं ते नाव, याला डोमेन म्हणतात. होस्टिंग ही भाड्याची जागा असेल तर डोमेन हा सातबारा. प्रोग्रॅम बदला, होस्टिंग बदला, नाव तुमच्या ताब्यात असेल तर गिऱ्हाइकाला काही कळतही नाही. नाव दुसऱ्याच्या ताब्यात असेल तर बाकी सगळं जवळ असून उपयोग नाही.

काकांचं डोमेन पुतण्याच्या नावावर होतं, आणि नोंदीतला ईमेल त्याच्या कॉलेजातला, जो शिक्षण संपल्यावर बंद झालेला. पुतण्या घरचाच म्हणून निभावलं. पण असंच एक प्रकरण मी तासगावला पाहिलं आहे. साइट करून देणाऱ्यानं डोमेन स्वतःच्या नावानं घेतलं होतं, नंतर त्यानं धंदा सोडला आणि फोन उचलणं बंद केलं. मालकाकडं पैसे दिल्याच्या पावत्या होत्या, नाव मात्र नव्हतं. शेवटी त्यांनी नवं डोमेन घेतलं आणि दुकानाची पाटी पुन्हा रंगवली.

म्हणून कुठलाही प्रोग्रॅम निवडण्याआधी हे बघा की डोमेन जिथून घेतलं तिथं आत जायचा पासवर्ड तुमच्याकडं आहे का, नोंदीतला ईमेल चालू आहे का, मुदत कधी संपते. डोमेन एका विक्रेत्याकडून दुसऱ्याकडं न्यायचं असेल तर एक गुप्त कोड लागतो, तो जुन्या विक्रेत्यानं द्यायचा असतो. डॉट कॉमसारख्या नावांना नवी खरेदी किंवा आधीचं स्थलांतर झाल्यावर साधारण ६० दिवस हलवता येत नाही. घाईच्या वेळी ही अट आठवते आणि मग हात चोळत बसावं लागतं. खरं तर प्रोग्रॅम बदलायला डोमेनचा विक्रेता बदलायची गरजच नसते. दोन्ही एकदम हलवायला जाऊ नका.

नाव आणि जागा यांची गाठ घालून देणारी एक नोंदवही असते, तिला डीएनएस म्हणतात. मार्केट यार्डाच्या गेटवर एखाद्या अडत्याचं नाव सांगितलं की गाळा नंबर मिळावा, तसं. नवी साइट तयार झाली की या वहीत नवा गाळा नंबर लिहायचा. पण त्याच वहीत ईमेलसाठी वेगळी ओळ असते. घाईत पूर्ण वहीच बदलली की साइट छान उघडते आणि ऑर्डरींचे ईमेल गप्प होतात. दोन दिवस कुणाच्या लक्षात येत नाही, कारण न आलेला ईमेल दिसत नाही. फक्त साइटची ओळ बदला, बाकीच्यांना हात लावू नका, आणि बदलण्याआधी पूर्ण वहीचा फोटो काढून ठेवा.

जुन्या शटरवरची पाटी

गणपती पेठेतलं दुकान विश्रामबागेत नेलं तर जुन्या शटरवर काय लावता? "दुकान विश्रामबाग येथे हलवले आहे." वेबवर या पाटीला ३०१ वळण म्हणतात. जुन्या पत्त्यावर येणाऱ्या ब्राउझरला आणि गूगलला ती सांगते की हे पान कायमचं अमुक पत्त्यावर गेलं. ३०२ नावाची दुसरी पाटी "तात्पुरते बंद, मागच्या दारानं या" अशी असते. कायमच्या स्थलांतराला ती लावू नये.

डोमेन तेच ठेवलं तरी पाट्या लागतात, कारण आतल्या पानांचे पत्ते बदलतात. जुन्या प्रोग्रॅमनं बेदाण्याच्या पानाला एक पत्ता दिलेला, नवा वेगळा देतो. गूगलनं वर्षानुवर्षं जुना पत्ता लक्षात ठेवलेला असतो, कुणीतरी तो व्हॉट्सॲपवर पाठवलेला असतो, आणि काकांच्या बाबतीत तर तो क्यूआर कोडमध्ये शिरून बेदाण्याच्या बॉक्सवर छापलेला होता. कागदावर छापलेला क्यूआर कोड बदलता येत नाही. पाटी लावता येते.

मी पूर्वी एकदा आळशीपणा केला होता. एका साइटची सगळी जुनी पानं सरळ मुखपृष्ठाकडं वळवली. म्हणजे बेदाणा विचारत आलेल्याला यार्डाच्या गेटवर आणून सोडला आणि म्हटलं, शोध आता. गूगललाही असली पाटी फारशी मानवत नाही, पान गेलंच असं ते धरून चालतं. त्या साइटला शोधात पुन्हा वर यायला बरेच महिने लागले. दोष माझाच होता, गिऱ्हाइकानं चहा पाजला तरी तो कडूच लागला.

आता मी आधी कागद घेतो. डाव्या बाजूला जुना पत्ता, उजवीकडं नवा, पानागणिक एक ओळ. जुने पत्ते विसरले असतील तर गूगलच्या सर्च कन्सोलमध्ये, म्हणजे साइटमालकांसाठीच्या गूगलच्या सोयीत, यादी मिळते. साइट आधीच बंद पडली असेल तर इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये जुन्या पानांच्या प्रती पुष्कळदा सापडतात, मजकुरासकट. काकांच्या दोन पानांचा मजकूर मी तिथूनच काढला.

"चालतंय की, मग हलवायचं कशाला?"

आक्षेप बरोबर आहे, आणि बऱ्याचदा उत्तर "नका हलवू" असंच असतं. प्रोग्रॅम बंद पडला म्हणजे साइट बंद पडली असं नाही. टेलरनं दुकान बंद केलं म्हणून अंगातला शर्ट फाटत नाही. साधी पानं असतील, वर्षातून एकदा फोन नंबर बदलायचा असेल, तर एचटीएमएलमध्ये तो हातानं बदलता येतो. एखाद्या कॉलेजच्या पोराला अर्ध्या तासात शिकता येईल.

हलवायची वेळ कधी येते? पान मोबाइलवर चिमटीनं मोठं करून वाचावं लागतं तेव्हा. पत्त्याशेजारी ब्राउझर "सुरक्षित नाही" म्हणतो तेव्हा. वर्डप्रेस किंवा त्याचे जोडप्रोग्रॅम जुने राहिले तेव्हा तर नक्कीच, कारण त्यांतली भोकं जगजाहीर असतात आणि चोर ती शोधतच फिरतात. आणि जागा देणाराच दुकान आवरायला लागला तेव्हा, अर्थातच.

नुसती नवी फॅशन म्हणून हलवायचं असेल तर मी तरी तो खर्च बॉक्सच्या छपाईवर घालीन.

"इन्स्टाग्राम आहे की, वेबसाइट हवी कशाला?"

लवकर उरकतो. इन्स्टाग्राम असावंच. पण ते दुसऱ्याचं पेव आहे आणि त्यावर सातबारा तुमचा नाही. खातं अडकलं तर दाद मागायला कुठल्या गाळ्यावर जाणार?

"एआयला सांगितलं की झालं"

हा आक्षेप हल्ली रोज ऐकतो. त्यात तथ्य आहे. जुन्या पानाचा फोटो दिला तर एआय त्यासारखं नवं पान खरोखर पटकन करून देतं. यंत्रानं क्रमांक दिलेल्या पानातला मजकूर सोडवायलाही मदत होते. शर्ट बघून शर्ट शिवायचं काम आता स्वस्त झालं, हे मान्य.

पण वर सांगितलेल्या कामांतलं किती काम शिलाईचं होतं? डोमेनचा पासवर्ड, बंद पडलेला कॉलेजचा ईमेल, बॉक्सवर छापलेला पत्ता, कोठारातली सोंगाडी अक्षरं. यांतलं काहीही त्या फोटोत दिसत नाही. आणि रिकामी जागा दिसली की एआय ती गोड गोड मजकुरानं भरतं. काकांच्या पुतण्यानं हौसेनं करून बघितलं तेव्हा दुकान "चार पिढ्यांचं" झालं होतं. काका म्हणाले, "मी तर पहिलीच पिढी."

अदलाबदलीचा दिवस

नवी साइट आधी वेगळ्या तात्पुरत्या पत्त्यावर पूर्ण उभी करायची. घरातल्या चार जणांच्या चार वेगवेगळ्या मोबाइलवर उघडायची, फॉर्म भरून बघायचा, तो ईमेल खरंच येतो का हे बघायचं. जुन्या साइटची संपूर्ण प्रत दोन ठिकाणी ठेवायची, त्यातली एक दुकानाबाहेर. २००५चा पूर पाहिलेल्या सांगलीकराला, पेवांत पाणी शिरलेलं ठाऊक असलेल्या व्यापाऱ्याला, दुसरी जागा कशाला असं मी सांगायला नको.

डीएनएसच्या वहीत प्रत्येक ओळीसमोर एक मुदत असते: ही नोंद इतके सेकंद लक्षात ठेवा. बदलाच्या आदल्या दिवशी ती ३०० सेकंदांवर आणून ठेवली की नवा गाळा नंबर जगभर लवकर कळतो. नाहीतर एक-दोन दिवस काहींना जुनी साइट दिसते, काहींना नवी. घाबरायचं कारण नाही, पण त्या दिवसांत दोन्हीकडं फोन नंबर बरोबर असू द्या. सौदे जोरात असताना हे काम काढू नका. हळदीचा हंगाम संपल्यावरचा एखादा निवांत आठवडा बघा.

जुनी जागा लगेच सोडायची नाही. फोटो ओढायचे राहिलेले असतात, एखादं पान विसरलेलं असतं. मी किमान महिनाभर जुनं होस्टिंग चालू ठेवतो. पाट्या मात्र त्याहून खूप जास्त काळ. गूगल स्वतः सांगतं की वळणं किमान वर्षभर ठेवा, जमेल तितकी जास्त.

काकांची साइट हलवून वर्ष उलटलं, तेव्हा मी नोंदी काढून बघितल्या. जुन्या पत्त्यांवर येणारे जवळजवळ संपले होते. फक्त बेदाण्याच्या एका पानावर माणसं येतच होती, आठवड्याला पाच-सहा, सगळी मोबाइलवरून. मी काकांना फोन केला, म्हटलं, बाकीच्या पाट्या काढल्या तरी चालतील, ही एवढी ठेवू का?

"ठेव बाबा," ते म्हणाले. "गोडाऊनला अजून चार हजार बॉक्स हाईत."